गालाशी धरलेली बशी

अख्ख्या नागपुरात गोऱ्या माणसांची संख्या वाढवण्यात आमच्या घरमालकीणबाईंइतका कोणाचाच हात नसेल. महाल भागातल्या त्यांच्या घरातून काळेसावळे लोक गुलाबी होऊन बाहेर पडायचे, फोटोतले, अर्थात. रंगीत फिल्म तेव्हा मोठ्या लोकांच्या लग्नापुरती असे. बाकीच्यांचे काळे-पांढरे फोटो सीताबर्डीच्या एका स्टुडिओतून काकूंकडे यायचे आणि काकू ब्रशाने, कापसाच्या बोळ्याने त्यांत रंग भरायच्या. ब्रशाचं टोक त्या जिभेवर फिरवून बारीक करत, त्यामुळे त्यांची जीभ कधी स्वतःच्या रंगाची म्हणून नसे. हिरवी असली की समजावं, कोणाचा तरी शालू चाललाय. निळी असली तर आभाळ, म्हणजे काम सोपं. गळक्या कौलांचं रडगाणं तेव्हाच गाऊन घ्यावं. लाल असली तर ओठ चालू आहेत. त्या दिवशी आम्ही भाडेकरू चपला हातात घेऊन अंगण ओलांडायचो.

मी कोकणातला, सातवीतून शाळा सोडलेला, हिंगण्याच्या एका कारखान्यात हेल्पर. मला सगळ्याचीच धास्ती. नळाखाली बादली लावतानाही "काकू, लावू का?" विचारायचो. त्या म्हणायच्या, "लाव ना गा बाबू, नळ काही चावून नाही राहिला तुले."

घरच्या माणसांना आपल्याच माणसाचे रंग आठवत नाहीत, हे काकूंचं ठाम मत. म्हणून त्या रंग विचारतच नसत, स्वभाव विचारत. एकदा सावनेरचे दोन भाऊ वारलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आले. एक म्हणाला पागोटं लाल होतं, दुसरा म्हणाला पांढरं. उंबरठ्यातच जुंपली. काकूंनी ब्रश कानावर खोचला. "म्हातारा तिखट किती खाये?" "लय खाये," दोघं एका सुरात. "मंग लाल." खटला निकाली.

आणि ती गल्लीतली मुलगी. तिचा फोटो काकूंनी इतका गुलाबी केला की पाहायला आलेली मंडळी तिच्याच हातचा चहा पिऊन झाल्यावरही दाराकडे बघत बसली, मुलगी केव्हा येते म्हणून. उलगडा झाला तशी मुलाची आई तणतणत काकूंच्या अंगणात. "फसवलं तुम्ही आम्हाले!" काकूंनी हिरवी जीभ बाहेर काढून शांतपणे ब्रशाला टोक केलं. "अवं बाई, तुमच्या पोराच्या टकलावर केस मीच भरले हायेत. सांगू का पोरीच्या मायले?" लग्न झालं. पहिल्या पंगतीत काकू होत्या.

अशा या बाई माझ्या बाबतीत मात्र हरिश्चंद्र निघाल्या.

त्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. आमच्या गावचा बाबल्या नागपुरात रेल्वेत होता. तो मला बघून रजेवर गावी गेला आणि आईला सांगून बसला, तुझा मुलगा पिकलेल्या केळ्यासारखा झालाय. परत आला तो तिचा निरोप घेऊन. "काळ्यापांढऱ्या फोटोत कावीळ दिसणा नाय. रंगीत फोटो धाड. नायतर मामाक धाडतंय, तो तुका उचलून घेवन येतलो." मामा म्हणजे खरोखर उचलणारा माणूस. फोरमन म्हणाला होता, बरा होऊन ये, जागा ठेवतो. पण गावी गेलेल्याची जागा कोण ठेवतो? आणि गावी मी करणार काय होतो? गणपतीला बाबल्या पुन्हा जाणार होता. त्याआधी फोटो हवा.

मी कसाबसा स्टुडिओत जाऊन आलो आणि फोटो काकूंपुढे ठेवला. "काकू, गाल तेवढे गुलाबी करा. लोकांचे करता तसेच."

काकूंनी शर्ट निळा केला. मागच्या कुंडीत नसलेली फुलं फुलवली. माझ्या रिकाम्या मनगटावर सोनेरी घड्याळ बांधलं. चेहरा तसाच करडा ठेवला आणि ब्रश धुतला.

"चेहरा?"

"तुह्या मायनं इचारलं, पोरगा पिवया हाये का नाही. लोक तर मले असं काही इचारत नाहीत. इचारलं असतं तर त्याईलेही खरं सांगतलं असतं."

"आणि घड्याळ?"

"ते हौसेचं हाये. हौसेले कावीळ होत नाही."

मग सुरू झाली तपासणी. डॉक्टरांनी आराम आणि बिनतेलाचं जेवण सांगितलं होतं. ते काकूंनी असं पाळलं की त्यांच्या स्वतःच्या वरणाचीही फोडणी बंद झाली. रोज सकाळी मला अंगणातल्या उजेडात उभं करायच्या, बशीत कालवलेला गुलाबी रंग गालाशी धरायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या. "डोयात अजून हळद हाये. जा, झोप." हळूहळू बघे जमू लागले. दूधवाला सायकलवरूनच विचारायचा, "क्या काकू, आज मॅच हुआ?" मी मान खाली घालायचो, तर ओरडायच्या, "मान वर कर ना गा, उजेड पडून नाही राहिला!"

गणपती तोंडावर आले. बाबल्याने पिशवी भरली. त्या सकाळी काकूंनी बशी धरली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. आत गेल्या, बाहेर आल्या तेव्हा जीभ गुलाबी होती.

मामा आला नाही. बाबल्या आईचा निरोप घेऊन आला: "माझो झील बरो दिसता. पण घड्याळ कोणी दिला?" शिमग्याला घरी जाण्याआधी मला तसंच एक घड्याळ घ्यावं लागलं. काकूंना खोटं कसं पाडणार?

पुढे गल्लीगल्लीत रंगीत फोटो निघू लागले. काकू ते लांब धरून म्हणायच्या, "जे हाये तेच देते हे. याच्यात हौस कुठं हाये?" मग त्यांच्याकडे फोटो येईनासे झाले. शेवटी शेवटी भेटायला गेलो तेव्हा त्यांची जीभ त्यांच्या स्वतःच्या रंगाची होती. मला ते बघवलं नाही.

आईच्या मागे तो फोटो माझ्याकडे आला. शर्टाचा निळा विटलाय, फुलं गेली, गालांचा गुलाबी उडाला आणि जुना कागद खालून पिवळा पडत वर आलाय. घड्याळ मात्र सोनेरी आहे. कधी तो उजेडात नेऊन बघतो तेव्हा माझी मान आपोआप वर होते. वाटतं, आता कोणीतरी गालाशी बशी धरेल, एक डोळा मिटेल आणि म्हणेल, अजून हळद हाये. जा, झोप.