तेलाच्या पिप्याचा पिंपळ आणि बाबांची भिंत

नाही, पण भोक पाडणं आणि भिंत फोडणं यात फरक असतो, हे मी बाबांना किती वेळा सांगायचं? फोनवर सांगून झालं, व्हिडिओ पाठवून झाले, मोठ्या हॉटेलच्या लॉबीत उभं राहून व्हिडिओ कॉल लावून झाला. त्या लॉबीत मॅनेजर मला साहेब म्हणत होता, तेही ऐकवलं. बाबा आपले एकच. "भिंती चिकन्या करण्यात आमचा जलम गेला, अन् आमचा पोरगा त्याईले भोकं पाडून पोट भरते."

बाबा तळेगावचे गवंडी. म्हणजे तळेगाव श्यामजी पंत, आष्टी तालुका, जिल्हा वर्धा. पुण्याजवळचं तळेगाव समजून कोणी निघू नका, माझा एक मित्र तसा गेलता. बाबांच्या मते भिंत म्हणजे हात फिरवला तर कुठंच अडला नाही पाहिजे. आणि माझा धंदा नेमका उलटा. मी आठवीतून सुटलो, सुरत पाहिलं, हैदराबाद पाहिलं, आता बेंगळुरूत आहे. तिथं आम्ही भिंतीवर सुट्या सुट्या वस्तू बसवतो. पितळी पानं, मातीचे पक्षी, लाकडी मासे. चित्र काढायचं नाही, काही चिकटवायचं नाही. प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची दांडी, प्रत्येकीचं भिंतीत स्वतःचं भोक, आणि वस्तू भिंतीपासून दोन बोटं पुढं. मग कडेनं लाईट टाकला की मागं सावल्या पडतात आणि भिंत जिवंत होते. अर्धं काम सावलीच करते, पगार मात्र मी घेतो.

तर एप्रिलमध्ये शेवंताकाकूंचा फोन आला. काकू आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यांचं बोलणं विचारल्यासारखं वाटतं पण तो हुकूम असतो. विहारात मूर्तीमागची भिंत नवी झाली होती. बाबांनीच बांधली, प्लास्टर केलं, मजुरी घेतली नाही. बुद्धपौर्णिमेला त्या भिंतीवर पिंपळ पाहिजे होता. "तू परक्याच्या भिंती सजवून राह्यला, अन् घरची भिंत कोरी," काकू म्हणाल्या. मी विचारलं, बाबांना विचारलं का? काकू म्हणाल्या, ते तुझं काम.

मी सुट्टी टाकली. तसंही माझं बूड एका जागी फार टिकत नाही, फक्त निमित्त लागतं.

बेंगळुरूहून सकाळची गाडी पकडली तर दुसऱ्या दिवशी उजाडता सेवाग्रामला उतरता येतं. स्लीपरचं तिकीट साडेसहाशेच्या आसपास. वरचा बर्थ मे महिन्यात अजिबात घेऊ नका, बल्लारशाहपर्यंत माणूस भाजून निघतो. माझ्याकडं ड्रिल मशीन आणि एका मापाच्या स्टीलच्या दांड्यांची पिशवी होती. समोरच्या आजोबांनी विचारलं काय आहे, मी मशीन दाखवली, त्यांनी झोपताना आपली बॅग उशाखाली घेतली.

सेवाग्राम स्टेशनहून शेअर ऑटोनं वर्धा बसस्टँड. तिथं तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि तर्री मागताना "कमी" म्हणायचं. मी तीन वर्षांनी म्हणायला विसरलो, आर्वीपर्यंत नाक पुसत होतो. घरी न्यायला गोरसपाकाचा पुडा घ्या, बिस्किटापेक्षा टिकतो आणि पाहुण्याची किंमत वाढवतो. वर्ध्याहून एसटीनं आर्वी, आर्वीहून तळेगाव. खिडकीतून हवा येत नाही, तव्यावरची वाफ येते. दुपट्टा डोक्याला गुंडाळा, फोटो खराब येतो पण माणूस शाबूत राहतो.

घरी बाबा जेवत होते. त्यांनी मशीनच्या पेटीकडं पाहिलं आणि मायला म्हणाले, पाहुणा हत्यार घेऊन आला.

संध्याकाळी काकू पानांचं पोतं घेऊन आल्या. इथं मला कळलं की पानं मी बनवायचीच नव्हती. काकूंनी घराघरांत सांगितलं होतं, तेलाचा रिकामा पिपा कापा आणि पिंपळाचं एकेक पान करून द्या. ज्याच्या घरचं पान त्याचं. कल्पना झकास. पण आमचा मुलूख कापसाचा, हात त्याच वळणाचे. निम्मी पानं कपाशीची आली होती, तीन टोकांची. कोणी पळसाचं गोल पान कापलं होतं. एकानं पिंपळाचं बरोबर कापलं पण शेंड्याचं शेपूट पिशवीत मावेना म्हणून दुमडून टाकलं. एका पानावर सोनेरी रंगाखालून शेंगदाणा तेलाची जाहिरात दिसत होती.

मी म्हटलं, काकू, हा पिंपळ नाही, हे शेत झालं. काकू म्हणाल्या, "मंग? बुद्ध काय फक्त पिंपळाखालीच बसन?"

पुढचा तिढा जागेचा. प्रत्येकीला आपलं पान मूर्तीच्या खांद्याजवळ पाहिजे. काकूंनी निकाल दिला की पोत्यातून जे हाताला येईल ते लागेल. स्वतःचं पान मात्र त्या पदराखाली घेऊन बसल्या होत्या, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांसोबत विहारात गेलो. भांडणाची पूर्ण तयारी करून गेलो होतो. खडूनं फांद्या आखल्या, भोकांच्या खुणा केल्या आणि वाट पाहत राहिलो की आता सुरू होतील. बाबांनी खुणांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, पाड भोकं. मी मशीन हातात घेऊन तसाच उभा. तीन वर्षांचं भांडण असं दोन शब्दांत संपलेलं मला पटेना. मग ते म्हणाले, "पण तो कडेचा लाईट नोको. समोर ट्यूब हाय, तेवढी बस हाय."

मी सांगितलं की समोरच्या ट्यूबनं सावली पडत नाही, नुसता पत्रा दिसेल. बाबा म्हणाले दिसू दे पत्रा. आणि निघून गेले.

माझ्या बाबांना भोक चालतं पण लाईट चालत नाही, हे गणित मला सुटेना. दुपारी विहारात कोणी नव्हतं. दारं लावली, अंधार केला, आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीला गाल लावून धरला. आमच्या कामात भिंत अशीच तपासतात. समोरून पाहाल तर कुठलीही भिंत सरळ, कडेच्या उजेडात तिचं सगळं बाहेर येतं.

भिंतीला पोट होतं. मूर्तीच्या डाव्या अंगाला चांगलं परातीएवढं फुगलेलं, आणि त्याच्या खाली खळगा. दुसऱ्या कोणाची असती तर मी हसलो असतो. पण ही त्या माणसाची भिंत होती ज्याच्या प्लास्टरवर वस्तीतली माणसं पैज लावायची.

घरी येऊन मायला विचारलं. माय कांदा चिरत होती, त्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याचं काही सांगता येत नाही. म्हणाली की बाबांच्या उजव्या डोळ्यावर दिवाळीपासून ढग आहे. मोतीबिंदू. बाहेरची कामं ते तब्येत बरी नाही सांगून टाळतात. विहाराचं नाही म्हणवेना म्हणून हातानं चाचपून भिंत केली. "त्याईले वाट्टे ट्यूबात ते पोट कोणाले दिसत नाई. पौर्णिमेले सारा गाव येईन अन् लाईट लागला तं इतक्या वर्षाचं नाव जाईन. तू काई बोलजो नोको."

मी बोललो नाही. पण एक गोष्ट मला चांगली ठाऊक होती. सुट्या वस्तूंची मजाच ही असते की प्रत्येक वस्तू भिंतीपासून किती पुढं ठेवायची ते आपल्या हातात असतं. जिथं पोट तिथं पानं दाट आणि दांडी आखूड, जिथं खळगा तिथं दांडी लांब. सगळी पानं पुढून एका पातळीत येतात आणि मागची भिंत कशी आहे हे तिला एकटीला माहीत. अडचण एवढीच की माझ्याकडच्या दांड्या सगळ्या एका मापाच्या आणि गावात कापायला अवघड.

म्हणून आष्टी. दुसऱ्या दिवशी तिथला बाजार होता. तळेगावहून ऑटो भरला की सुटतो, भरला म्हणजे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनाही माणसं बसली की. दोन्हीकडं संत्र्याचे बगीचे, या दिवसांत धुळीनं राखाडी. बाजारात सांबारवडी खा, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिखट असते आणि गरम असतानाच खायची. मग हुतात्मा स्मारक पाहून या, आणि उन्हाच्या आत परता.

मला पाहिजे होत्या सायकलच्या तारा, चाकातल्या. बारीक, कडक, पक्कडीनं कापता येतात, आणि टोकाची पितळी टोपी पानावर थेंबासारखी दिसते. सायकलवाल्यानं विचारलं किती चाकं. मी म्हटलं चाक नाही, झाड करायचं आहे. त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि पैसे आधी घेतले.

पुढचे दोन दिवस आम्ही बापलेक विहारात. मी भोक पाडायचो, तार कापायचो, बाबा ओळंबा धरायचे. त्यांच्या हातातला दोरा अजून हलत नाही. काकू येऊन जाऊन टोमणे मारायच्या की भाऊजी, पोराच्या हाताखाली काम करता, मजुरी बोलून घ्या आधी. बाबा म्हणायचे, "वहिनी, ह्याच्यापाशी दांड्या हाय, पैसा कुठं हाय."

दुसऱ्या दिवशी पोटाजवळची पानं आली. मी तारा कापून ओळीनं ठेवल्या होत्या. बाबांनी एक उचलली, दुसरी उचलली, बोटांत धरून मापली. मला वाटलं आता मेलो.

"ही लहान काऊन?"

मी म्हटलं, डिझाईन आहे.

बाबांनी तारा आपल्या हातात घेतल्या. एकेक तार मला देत गेले. आणि मजा म्हणजे, मी मागायच्या आधी बरोबर मापाची देत गेले. आखूड, आखूड, मधली, मग खळग्यापाशी लांब. भिंत त्यांच्या हाताला तोंडपाठ होती. सगळी पानं बसल्यावर ते पुढं झाले आणि तळहात पानांवरून सावकाश फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात कुठंच अडला नाही.

मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "लाव तुया तो लाईट."

पौर्णिमेला वंदना झाली आणि काकूंनी कडेच्या लाईटचं बटण दाबलं. कपाशीची पानं, पळसाची पानं, शेपूट दुमडलेला पिंपळ, सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या. आणि सावली फार उदार असते, तिच्यात सगळीच पानं पिंपळाची झाली. बायका आपापलं पान शोधत बसल्या. काकूंचं पान खांद्याजवळच होतं, ते पोत्यातून तिथं कसं आलं मी सांगणार नाही. वस्तीतल्या एका आजोबांनी पोटाच्याच जागी बोट दाखवून विचारलं की इथं पानं एवढी दाट काऊन. बाबा म्हणाले, "तिकडे खत जास्त पडलं."

परतीच्या गाडीत मला खालचा बर्थ मिळाला. बेंगळुरूत आल्यावर पहिल्याच कामावर मी सवयीनं टॉर्च भिंतीला लावला. भारी इंजिनिअर, भारी बिल, आणि भिंतीला हे एवढं पोट. कोणाला काही सांगितलं नाही. दांड्या कापल्या.

हे सगळं लिहायला बाबांनी परवानगी दिली आहे, वाचून दाखवलं फोनवर. विहारात जाल तर चपला बाहेर काढा, काकूंना जय भीम करा, आणि टॉर्च खिशातच ठेवा.

बाबांचा डोळा मात्र अजून तसाच आहे. वर्ध्याच्या दवाखान्यात दाखवून आले, ऑपरेशन करा म्हणाले. मी पैसे पाठवतो म्हटलं तर नवीन भांडण सुरू. मिस्त्री मजुरी घेते, पोराजवळून दान घेत नाई, असं त्यांचं म्हणणं. मग मी म्हटलं ठीक आहे, दोन दिवस ओळंबा धरला त्याची मजुरी घ्या. बेंगळुरूचा रेट लावतो.  बाबांनी विचारलं, बेंगळुरूचा रेट किती हाय?

मी मनातल्या मनात दवाखान्याचा आकडा, लेन्सचा आकडा आणि मायचं सोबत जाण्याचं एसटीचं भाडं मिळवलं, आणि सांगितलं की ओळंबा धरणारा पक्का मिस्त्री तिथं फार महाग मिळतो.

आज पगार झाला. मायच्या खात्यावर टाकतोय, दोन दिवसांची मजुरी, नऊ हजार चारशे रुपये.