बिस्मिल्लाबीची झोळी

बाळापुरात बिस्मिल्लाबीची शिवणाची मशीन ओसरीवरच असायची. नवरा अब्दुल सत्तार बाजारात कापड विकायचा. ठाणाचे उरलेले तुकडे हिच्याकडे यायचे. १९५८च्या कापूस वेचणीत तिने त्यांची एक झोळी शिवली. बाया तेव्हा कमरेला फडकं बांधून वेचायच्या आणि सगळा भार कमरेवर घ्यायच्या. या झोळीचे दोन पट्टे खांद्यावरून जायचे.

तिने झोळी विकायला काढली नाही. मापाचे कागद कापून ओसरीवर टांगले आणि येईल तिला सांगितलं, "कागद घेऊन जा, घरी शिवा. नाही जमलं तं माह्याकडे या."

बाया हौसेने कागद घेऊन गेल्या, झोळ्या शिवल्या आणि आठवड्यातच पुन्हा फडक्यावर आल्या.

"फुकट देतेस, म्हणून कोणी जपत नाही," अब्दुल सत्तार म्हणाला.

"जपत नाहीत म्हणजे काहीतरी टोचत असेल," ती म्हणाली, आणि भाकर, एक झोळी अन् सुईदोरा घेऊन खुशालरावांच्या शेतात गेली. तिथे मजुरीला आलेली इंदूबाई फडक्यातच कापूस वेचत होती.

"झोळी काहून सोडली, इंदूबाई?"

"भाभी, भरते चांगली. पन रिकामी करासाठी पुरी उतरवा लागते, अन् मुकादम बोंबलते."

"मंग कशी पाहिजे?"

इंदूबाईने तिच्या हातातली झोळी घेऊन उलटी धरली. "खालून तोंड ठेवा. नाडी सोडली का कापूस सारा खाली."

बिस्मिल्लाबीने शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसूनच तळाची शिवण उसवली, नाडी ओवली. इंदूबाईने ती झोळी संध्याकाळपर्यंत उतरवली नाही.

नवे कागद कापले गेले. प्रत्येकीला बिस्मिल्लाबी आवर्जून सांगायची, "खालचं तोंड इंदूबाईनं काढलं." ते ऐकून इतर बायाही सुचवू लागल्या. सुंदराबाईने जुन्या लुगड्याच्या काठाचा रुंद पट्टा लावला. मानेला घासणं थांबलं. तोही कागदावर चढला. एकीला आतून तंबाखूचा खिसा हवा होता.

"कापसात तंबाखू सांडन. तुह्या झोळीले लाव, माह्या कागदावर नाही येनार," बिस्मिल्लाबीने सरळ सांगितलं. ती बाई हसली, खिसा लावून घेतला आणि तरी दर हंगामात येत राहिली.

पुढे अकोल्याचे एक व्यापारी उत्तमराव आले. "कागद वाटणं बंद करा. मी झोळ्या शिवून विकतो, तुम्हाला हिस्सा देतो."

"तुमीबी कागद घेऊन जा ना. शिवा, विका. ओसरीवरचे कागद मातर राहतीन."

उत्तमरावांनी कागद नेला. त्यांच्या झोळ्या खपल्याही. उसवल्या की बाया त्या बिस्मिल्लाबीकडेच आणायच्या. ती टाके घालून द्यायची आणि सोबत एक कागदही.

काही वर्षांनी भाचीच्या लग्नाला अमरावतीला जाताना बडनेऱ्याला मोटार थांबली. वेचणीहून परतणारी एक बाई रस्त्याकडेला उभी होती. तिच्या झोळीचे पट्टे पाठीवर फुलीसारखे एकमेकांवरून गेले होते. बिस्मिल्लाबी खाली उतरली.

"ही झोळी कुठची, बाई?"

"आमच्या गावचीच. आमच्या केशरबाईनं काढली."

बिस्मिल्लाबीचा चेहरा उजळला. तिने मिठाईच्या पुड्याचा कागद सोडला.

"जरा पाठ कर इकडे," ती म्हणाली. "ही फुली कशी घेतली, मले उतरवून घेऊ दे."