टस्कनीच्या मळ्यात मारलेली हाक

जप मी तेव्हाही रोज करायची, पण खरं सांगते, त्यात मन नव्हतं. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे माळ ओढायची आणि डोक्यात मात्र सासऱ्यांविषयीची चिडचिड. नव्वदच्या दशकाची अखेर होती ती. सासूबाई गेल्यावर अण्णांना आम्ही इकडे आणलं आणि वर्षभरात त्यांना विसर पडू लागला. ह्यांचा निम्मा दिवस दुबईच्या ऑफिसात, उरलेला ट्रॅफिक जाममध्ये. मुलगी शाळेत. घरी अण्णा आणि मी. गॅस चालू राहायचा, दार सताड उघडं राहायचं. शेवटी मी ह्यांना बजावलं, सुट्टीवरून आलो की अण्णांना साताऱ्याला नणंदेकडे पोचवायचं, खलास. अण्णांचं तिकीटही मीच काढून आणलं.

सुट्टी इटलीतली, टस्कनीची. ह्यांना जुन्या इमारतींचं वेड. टेकडीवरची गावं, दगडी मनोरे, एकसारख्या कमानी आणि खाली उतरत गेलेले द्राक्षमळे. सगळं देखणं होतं, पण माझा जीव कशात रमत नव्हता. अण्णा दर दहा मिनिटांनी विचारायचे, आजचा मुक्काम कुठं? दुपारपर्यंत मी उत्तर देणंच सोडलं. तिसऱ्या दिवशी एका जुन्या मठाचं वाइनचं तळघर बघायचं होतं. शारजात दारूला बंदी, त्यामुळे ह्यांना चाखायची कोण घाई! अण्णांना तो वास नको होता. मी त्यांना फाटकापाशी बाकावर बसवलं आणि जरा करड्या आवाजातच सांगितलं, इथून हलायचं नाही. मुलगी त्यांच्याजवळ थांबते म्हणाली, तर तिलाही आत ओढलं. मला अर्धा तास तो प्रश्न ऐकायचा नव्हता, एवढंच.

बाहेर पहिली मुलगीच आली. "मम्मा, आजोबा इज नॉट देअर."

हे वर गावाकडे धावले. मुलीला तळघर दाखवणाऱ्या गाइडबाईंजवळ ठेवून मी खाली मळ्यात शिरले. अण्णांच्या खिशात काही नाही, पासपोर्ट माझ्याकडे. हॉटेलचं नाव सोडा, आपण कुठल्या देशात आहोत हे तरी त्यांना सांगता आलं असतं का? तोंडाने नवस सुरू झाले. एकवीस गुरुवार करीन, गाणगापूरला येईन. आणि मध्येच माझी मलाच लाज वाटली. माणूस परत मागत होते ते कशाला, तर विमानात बसवून लावून द्यायला. नवस तिथेच सोडले. वेलींच्या रांगेत मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "दत्ता, माझ्याच्याने काही होत नाही. आता तूच बघ."

दोन रांगा सोडून एक माणूस घड उतरवत होता. मला इंग्रजी चांगलं येतं. पण शारजात भाजीवाला असो, टॅक्सीवाला असो, अनोळखी माणसाला आम्ही 'सदीक' म्हणतो, मित्रा म्हणून. त्या घाबरगुंडीत तीच मोडकी अरबी तोंडातून बाहेर पडली. "सदीक! बाबा वेन?" मित्रा, बाबा कुठे? इटलीत हे कोणाला कळणार!

तो माणूस सरळ झाला आणि माझ्याकडे बघतच राहिला. मोरोक्कोचा होता, द्राक्षं उतरवायच्या कामासाठी आलेला, हे नंतर गाइडबाईंकडून कळलं. भरभर अरबीत काही बोलला, मला ओ की ठो कळलं नाही. मग त्याने आपल्या पायातला बूट काढून दाखवला, मळ्याच्या टोकाच्या छोट्या चर्चकडे बोट केलं आणि म्हणाला, "तआली, तआली." ये, ये.

चर्चच्या पायरीखाली अण्णांच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. तिथे सगळे बूट घालूनच आत जातात, म्हणून अनवाणी म्हातारा त्याच्या ध्यानात राहिला होता.

अण्णा पुढच्या बाकावर मांडी घालून बसले होते. शेजारी फुलं लावणारी एक इटालियन आजी. मला बघून ते तिला मराठीतच म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? सूनबाई येणार म्हणून." मग माझ्याकडे वळून, "घंटा वाजली गं, म्हणून दर्शनाला आलो. तू शोधशील हे ठाऊक होतं."

मी त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. गाव विसरलेला, देश विसरलेला तो माणूस माझ्या भरवशावर निवांत बसला होता, आणि त्यांचं तिकीट माझ्याच पर्समध्ये होतं. वीस वर्षं माळ ओढून मला देवावर असं विसंबता आलं नव्हतं. त्या मोरोक्कोच्या भाऊंना कोणी उभं केलं, यावर मी वाद घालत नाही. मी हात जोडले, त्यांनी छातीवर हात ठेवला आणि ते कामाला निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

साताऱ्याचं तिकीट आम्ही रद्द केलं. अण्णा पुढे तीन वर्षं आमच्याकडेच होते. माझी चिडचिड काही संपली नाही, खोटं कशाला बोलू? पण जपाला बसले की आता काही मागत नाही. शेवटच्या वर्षी त्यांना मीही आठवेनाशी झाले. पाणी घेऊन गेले की विचारायचे, बाई, तुम्ही कोणाच्या? मी म्हणायची, तुमचीच. तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं, आणि माझंही.