जुने फोन बंद होणार, अशी बातमी

आत्यानं लातूरजवळच्या मुरुडहून फोन केला तेव्हा मी नांदेडच्या कचेरीत दुसऱ्या दिवशीचं जिल्हा पान लावत होते. तिचा आवाज नेहमीपेक्षा स्वच्छ येत होता. मी तसं म्हटलं, तर ती खूश झाली.

"नवा घेतला. जुना देऊन टाकला लातूरला. बंद पडायच्या आधी दिलेला बरा."

"बंद पडणार? कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुझ्याच पेपरात आलंय की, बाई."

आत्या ब्लाउज शिवते. मुरुडमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत तिचं नाव आहे ते पाठीमागच्या गळ्यांसाठी. तिच्या गिऱ्हाइकांत सरपंचीणबाई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, लग्नाच्या नवऱ्या तर आहेतच. तिच्या फोनचं बोलण्याखालोखाल काम एकच होतं, शिवून झालेल्या प्रत्येक गळ्याचा फोटो काढून ठेवायचा. त्या फोनला काहीएक झालेलं नव्हतं.

आमच्या पेपरची लातूरची पानं वेगळी निघतात, ती मी रोज बघत नाही. त्या दुपारी काढून बघितली. बातमी होती. ठळक मथळा, चार वर्षांहून जुने मोबाइल बंद होणार, कंपनीचं नवं अपग्रेड धोरण. 'धोरण' हा शब्द 'धोरन' असा छापलेला. खाली लिहिलं होतं की जुने हँडसेट लवकरच निकामी होतील, ग्राहकांनी वेळीच एक्स्चेंजचा लाभ घ्यावा, असे समजते.

आमच्या धंद्यातल्या या 'समजते'चा मला पहिल्यापासून संशय येतो. कुणाला समजतं, कुणाकडून समजतं, हे सांगायची जबाबदारी त्या एका शब्दावर टाकून माणूस मोकळा होतो.

बातमी लातूरच्या आमच्या वार्ताहरानं दिली होती. माझ्यापेक्षा लहान, चलाख, मला ताई म्हणायचा. मी त्याला फोन लावला.

"ताई, ते सगळीकडं आलंय," तो म्हणाला. "नेटवर बघा ना."

नेटवर खरंच सगळीकडं होतं. लातूरची दोन पोर्टलं, उदगीरचं एक, धर्माबादच्या एका व्हॉट्सॲप गटावर फिरणारा मजकूर. मी एकेक उघडत गेले. प्रत्येक ठिकाणी 'धोरन' होतं. आमच्या प्रुफात सुटलेली चूक सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली होती. बातमी सगळीकडून आमच्याकडे आली नव्हती, आमच्याकडून सगळीकडे गेली होती.

मग कंपनीचं मूळ धोरण शोधलं. ते इंग्रजीत, कंपनीच्या साइटवर, कुणालाही वाचता येईल असं पडलेलं होतं. जुन्या मॉडेलांना यापुढं नवी सिस्टिम मिळणार नाही, एवढंच त्यात होतं. फोनची सुरक्षा राखणारे छोटे अपडेट आणखी काही काळ चालू राहणार होते. फोन बंद पडेल असं त्यात कुठंही नव्हतं.

मी संपादकांच्या खोलीत गेले. त्यांनी दोन्ही मजकूर वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "त्याला काही मिळालंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही, सर. मला लातूरला जाऊन यायचंय."

"जा. पण डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूर येईपर्यंत मी मनात त्या पोराला दोषी ठरवून टाकलं होतं.

तो गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या हॉटेलात भेटला. चहा यायच्या आधीच त्यानं खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. कोरा करकरीत. त्याच कंपनीचा.

"नवा घेतलास?"

"बायकोनं घेऊन दिला," तो म्हणाला, आणि फोन पालथा केला.

मी त्याला बातमीबद्दल विचारलं. तो आधी आढेवेढे घेत राहिला, मग सांगितलं. कंपनीच्या लोकांनी विक्रेत्यांची बैठक घेतली होती. त्यालाही जेवायला बोलावलं होतं. पडद्यावर एक चित्र दाखवलं, त्यात जुन्या मॉडेलांची नावं आणि समोर लिहिलेलं, सपोर्ट बंद.

"सपोर्ट बंद म्हणजे फोन बंद कसा रे?"

"तिथं सगळे तसंच बोलून राहिले होते, ताई. मी एकट्यानं काय वेगळं ऐकायचं?"

"बैठकीतून आल्यावर कुणाला विचारलंस?"

त्यानं पालथा फोन खिशात टाकला. त्याचा चेहरा मी नीट बघत होते. चूक झालेल्या माणसाचा चेहरा आणि पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा यांत काय फरक असतो, हे मला तेव्हाही ओळखता आलं नाही.

तिथून आत्यानं फोन बदललेल्या दुकानात गेले. दारातच आमची बातमी मोठी करून, काचेच्या चौकटीत लावलेली होती. मी जवळ जाऊन वाचली. शेवटची ओळ नव्हती. 'असे समजते' बरोबर कापून काढलेलं होतं.

"ही ओळ कुणी कापली?"

दुकानदार हसला. "जागा कमी पडली, मॅडम."

चौकटीच्या खाली वीतभर जागा रिकामी होती. मी तिकडं बोट दाखवलं, तशी त्यानं मला विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" पेपरचं नाव सांगितल्यावर तो आणखी मोकळा झाला.

"मग तर आपलेच. छापलं तुम्ही, आम्ही फकस्त लावलं."

आत्याच्या जुन्या फोनची चौकशी केली. तो रीसेट मारून पुढं गेला होता. कुठं, ते त्याला सांगता येईना किंवा सांगायचं नव्हतं.

मुरुडला पोचले तेव्हा आत्या कटिंगच्या टेबलापाशी उभी होती. "जयभीम, आत्या," म्हणत मी आत गेले. तिनं कात्री खाली ठेवली, पाणी दिलं, पण नेहमीसारखी हसली नाही. नव्या फोनमध्ये गळे नव्हते. जुना पासवर्ड तिला आठवत नव्हता, म्हणून दुकानात तिला नवं खातं उघडून दिलं होतं. कितीतरी वर्षांचे फोटो जुन्या फोनबरोबर पुसले गेले होते.

"एक बाई आली सकाळी. म्हणाली, गेल्या साली भाचीला शिवला होता तसाच गळा पायजे. मी काय दाखवू तिला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आता खरं काय हाय ते सांग," ती म्हणाली. "पेपरातलं नको. खरं."

मी तिला धोरण समजावून सांगितलं. जुना फोन बंद पडला नसता, फक्त त्याला नवी सिस्टिम आली नसती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं मग, हा नवा किती दिस चालंल?"

मी तिच्याच फोनवर कंपनीची साइट उघडली. त्या मॉडेलचं नाव यादीत शोधलं आणि खालच्या बारीक अक्षरांकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. अपडेटची वर्षं मोजायची ती तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल बाजारात पहिल्यांदा आलं त्या दिवसापासून. आत्याचा नवा फोन कोऱ्या खोक्यातला होता, पण मॉडेल तिच्या जुन्या फोनहूनही जुनं होतं. त्याची बरीचशी वर्षं दुकानाच्या फळीवरच सरली होती. तिनं दिलेल्या फोनच्याही आधी याचे अपडेट थांबणार होते.

मी हे सांगितलं तेव्हा आत्या खुर्चीवर बसली. "म्हंजे म्हातारा देऊन त्याच्याहून म्हातारा आणला," ती म्हणाली, आणि तेवढ्या सगळ्यातही आम्ही दोघी हसलो.

नांदेडला परतून मी बातमी लिहिली. आधी सरळ म्हटलं की आमची पहिली बातमी चुकीची होती. मग धोरणात काय आहे ते सांगितलं, आणि वर्षं कधीपासून मोजतात तेही. कंपनीला प्रश्न पाठवले, उत्तर आलं नाही, तेही लिहिलं. संपादकांनी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून "हे कशावरून?" असं विचारलं. मी दाखवत गेले. बातमी पहिलीइतकी ठळक लागली नाही, पण लागली.

चार दिवस झाले नसतील, कंपनीचे दोघेजण कचेरीत हजर. इस्त्रीचे शर्ट, गोड बोलणं.

"मॅडम, आमच्याबद्दल तुमच्याकडं चुकीचं छापून आलंय."

मला वाटलं, पहिल्या बातमीबद्दल आलेत. मी माफी मागायच्या तयारीत होते. त्यातल्या एकानं पिशवीतून कात्रण काढलं. ते माझ्या बातमीचं होतं.

"यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे?"

"वाक्य तसं बरोबर आहे. पण त्यानं गैरसमज होतो."

"आणि जुने फोन बंद पडणार, असं आलं होतं तेव्हा गैरसमज नाही झाला? तेव्हा कुणी आलं नाही."

"ते आमच्या पाहण्यात नाही आलं," तो म्हणाला.

लातूरच्या दुकानात ते चौकट करून लावलं होतं, हे मी सांगितलं. त्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहा छान होता म्हणाले. जाताना एक खोकं माझ्या टेबलावर राहिलं. मी ते उचलून जिना उतरले आणि त्यांच्या गाडीच्या सीटवर ठेवून आले. वर आले तेव्हा संपादक खिडकीत उभे होते. ते आपल्या खोलीत गेले. पण त्यानंतर काही दिवस ते माझ्या टेबलाजवळून जाताना टेबलाकडे बघत, असं मला वाटायचं. मीही त्यांच्या टेबलाकडे बघायला लागले होते.

लातूरच्या वार्ताहराला काही झालं नाही. त्याला ताकीद मिळाली आणि तो क्रीडा पान बघू लागला. बायकोनं फोन दिला, हे खरं असेलही. एका लग्नात त्याची बायको भेटली होती, साधी बाई, माझ्याशी फार चांगलं बोलली. तिला विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तिच्या कडेवर लेकरू होतं. मी विचारलं नाही.

आत्याचे गळे मात्र थोडेफार परत आले. तिनं गिऱ्हाइकांना निरोप पाठवला होता की तुमच्या तुमच्या ब्लाउजचा फोटो काढून पाठवा. मुरुडच्या बायकांनी कपाटं उघडली. कुणी ब्लाउज घालून पाठमोरं उभं राहून फोटो काढले, कुणी खाटेवर पसरून. काही जणींनी तर दुसऱ्या टेलरनं शिवलेले गळेही पाठवले, आत्यानं ते ओळखले आणि तरी ठेवून घेतले. सगळे नाही आले. माझ्या आजीसाठी शिवलेला एक होता, तो नाहीच मिळाला.

गेल्या पंचमीला मी तिच्याकडे गेले होते. तिच्या फोनवर इंग्रजीत एक सूचना आली होती, या फोनला यापुढं अपडेट मिळणार नाहीत अशी. खाली 'ठीक आहे'चं बटण होतं. शेजारीण तिला म्हणत होती, दाबून टाक, सारखं येऊन राहिलंय. आत्यानं फोन माझ्या हातात दिला.

"दाबू नको. आधी समदं वाचून दाव, बारीक अक्षरासकट."

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. ती मशीनवर बसून ऐकत होती. माझं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "फोन बंद पडंल असं लिवलंय?"

"नाही."

"मग दाब."

मी दाबलं. तिनं मशीन पुन्हा चालू केलं.