आण्णा अंतराळाचा सिनेमा बघून बोलले

मंडळी, आज दुपारी वडिलांना परभणीला अंतराळावरचा, हिंदीत डब केलेला परदेशी सिनेमा दाखवला. आण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चार महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते हो-नाहीपलीकडे बोललेच नव्हते.

थिएटर गच्च भरलेलं. आमच्या मागं तर ताडकळस गावाहून आलेल्या बायका होत्या! सिनेमात यान बिघडतं. आत एकटीच उरलेली बाई रोज पृथ्वीशी बोलते. उत्तर येत नाही, तरी बोलतच राहते.

शेजारी बघितलं, तर आण्णा रुमालानं डोळे पुसत होते.

घरी परतताना गंगाखेडच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "पोरी, मी बी रोज तुझ्या आईसंगं बोलतो. मनातल्या मनात. येडा झालो का काय, असं वाटायलं होतं."

"मग मला सांगायचं ना, आण्णा!"

"आता सांगायलोय की."

मग गंगाखेड येईपर्यंत आईबद्दलच बोलत होते. त्यांच्याच एसटीतून माहेरी जाताना ती कशी रुसली होती, तेही सांगितलं. किती दिवसांनी हसले!

असले सिनेमे आपल्याकडचे लोक बघत नाहीत, असं मीच म्हणायचे. हा सिनेमा बनवणाऱ्यांचे, हिंदीत आणणाऱ्यांचे लय आभार. तुमी तुमच्या आईवडलांना असा सिनेमा दाखवलाय का कधी? काय म्हणाले ते?