मेण, सोनं आणि नळाचं पाणी

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा चुलतभाऊ नागपुरात शेतकी कॉलेजात शिकायचा. एका हिवाळ्यात तो वर्गातल्या इथिओपियाच्या मुलाला घेऊन आमच्या घरी आला. पाहुण्याला बोरगावकडच्या संत्र्याच्या बागा पाहायच्या होत्या. आम्ही सौसरला राहायचो, मी तेव्हा तिथल्याच शाळेत शिकवायची. बाबा पोस्टातून निवृत्त झाले होते. भीमजयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत ते तुणतुणं वाजवायचे आणि गाणी स्वतःच रचायचे.

बागा पहिल्याच दिवशी पाहून झाल्या. पाहुणा पाच दिवस राहिला.

कारण खुंटीवरचं तुणतुणं. ते पाहून तो उठून उभाच राहिला. त्यांच्याकडेही एका तारेचं वाद्य असतं, म्हणाला, मसिंको. तार घोड्याच्या केसांची, आणि वाजवायचं गजानं. ते घेऊन आझमारी नावाचे गाणारे फिरतात आणि समोरच्या माणसावर जागच्या जागी गाणं रचतात.

"अन् तो मानूस रागावला तं?" बाबांनी विचारलं.

"उसको समझता ही नहीं, बाबा," तो नागपुरी हिंदीत म्हणाला.

मग त्यानं समजावून सांगितलं. सोनार मेणाची मूर्त करतो, तिच्यावर माती लिंपतो, मेण वितळवून काढतो आणि त्या जागी सोनं ओततो. त्यांच्याकडचं कवन तसंच. वरचा अर्थ मेण, आतला सोनं. त्याच्या आजोबांनी चर्चच्या शाळेत कित्येक वर्षं हेच शिकण्यात घालवली. रोज नवं कवन रचायचं, कालचं चालायचं नाही.

"मंग तू काहून संत्रं शिकून राहिला?"

"अभी हमारे यहाँ एक ही मतलब चलता है," तो म्हणाला आणि त्यानं भाकर मोडली. तिकडे तेव्हा लष्कराचं राज्य होतं.

पुढचे चार दिवस दोघं ओसरीवर बसून होते. बाबा ओळ रचायचे, आतला अर्थ हिंदीत सांगायचे, आणि पाहुणा मान हलवायचा. नाही, मेण पातळ झालं. सोनं दिसतं. बाबांना इतकी वर्षं लोक नुसत्या टाळ्या देत आले होते. ते दोन वेळा चिडले, एकदा जेवले नाहीत.

पाहुणा गेल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या मोहल्ल्यात एका पुढाऱ्याचा सत्कार ठरला. त्यानं मोहल्ल्यात नळ आणले होते. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना पाणी आलं होतं, त्यानंतर नाही. बाबांच्या पार्टीला गायला सांगितलं. बाबांनी तुणतुणं लावलं, पुढाऱ्याकडे अदबीनं पाहिलं आणि गायले:

"नळ आला दारी, मन भरून वाहिलं,
साहेब, तुमचं पाणी आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

पुढारी खूश झाला. "आणखी एक बार," म्हणाला. बाबा तीनदा गायले. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. काहींचे खांदे हलत होते. त्या भारावल्या असं पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं.

आठवड्यानं कुणीतरी त्याला आतला अर्थ सांगितला असावा. दारात जीप आली. आईनं बाबांच्या हातात स्वेटर दिला आणि म्हणाली, "काही बोलू नका." मी सोबत गेले. जीप पुढाऱ्याच्या घरी थांबली.

"त्या गाण्याचा मतलब काय हाय?" पुढाऱ्यानं विचारलं. खोलीत आठ-दहा माणसं बसलेली.

बाबा म्हणाले, "दोन हायेत, साहेब. तुमाले कोनता पाह्यजे?"

पुढाऱ्यानं माणसांकडे पाहिलं. माणसांनी भिंतीकडे पाहिलं. रागावावं तर दुसरा अर्थ कळला हे कबूल करावं लागणार होतं.

"पयला," तो शेवटी म्हणाला.

"पयला तं तुमी आयकलाच हाय," बाबा म्हणाले. आम्हाला चहा मिळाला. परतताना बोरगावचा रस्ता लागला. बाबा म्हणाले, "आता त्या पोराले चिठ्ठी लिहा लागते."

महिन्याभरात नळाला एक दिवसाआड अर्धा तास पाणी येऊ लागलं. बाबा जरा खट्टू झाले. चांगलं जमलेलं गाणं वाया गेलं, म्हणाले. आई नळाखाली पाण्याचा पितळी गुंड भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आता रस्त्यावरही एक करा."