आईचा मेसेज मंजूर झाला नाही

मंडळाच्या अ‍ॅपमध्ये चॅट टाकून दे, असं अध्यक्षकाकांनी मला सांगितलं. अर्थात फुकटात. उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळात एखादी मुलगी कंप्यूटर शिकली की ती सगळ्यांच्याच घरची होते.

चॅट काही कोणी मुळापासून लिहीत नाही. तयार टूलकिट मिळतं, ते अ‍ॅपमध्ये बसवायचं. मेसेज जाणं, समोरच्याने वाचला की खूण उमटणं, सगळं त्यात असतं. कोणाला काय करू द्यायचं, तेवढं आपण ठरवायचं. ते काकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "बेटा, सगळ्यांचे मेसेज पहिले माझ्याकडे येतील. मी मंजूर करीन, मग दिसतील."

"काका, मग त्याला लाइव्ह कसं म्हणायचं?"

"शिस्त पाहिजे ना."

दिलं बसवून. नानाखेड्याच्या घरी, आईच्या शेजारी बसून. आईने पहिल्याच दिवशी लिहिलं, 'यंदा गणपतीत रसोईला पुरुषमंडळींनी यावं. माझे गुडघे आता साथ देत नाहीत.'

गणपतीत नाटकाच्या दिवशी सगळ्या मंडळाचं जेवण आई करायची. हाताखाली बायका असायच्या, पण कढईपुढे तीच. हॉलची रसोई स्टेजच्या मागे. माझ्या लहानपणापासून तिने एकही नाटक पाहिलेलं नाही, सगळी भिंतीआडून ऐकलीत. तिने नाही म्हटलं की मंडळाचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे." या चवीनेच तिचे गुडघे खाल्ले.

मेसेज काही मंजूर झाला नाही. काकांचा फोन मात्र आला, "वहिनी, असलं चारचौघांत बरं दिसत नाही." आणि कमाल म्हणजे त्याच दुपारी त्यांनी कोणाचं तरी गुलाबाच्या फुलांचं गुड मॉर्निंग मंजूर केलं. आई गुपचूप सब्जी निवडत बसली. माझं डोकंच फिरलं.

देवास गेटजवळच्या हॉलमध्ये मंडळाची मीटिंग होती. तिथे सगळ्यांसमोर मी लॅपटॉप उघडला आणि मंजुरीची अट काढून टाकली. एका ओळीचं काम. अडकलेले सगळे मेसेज एकदम सुटले, फोन वाजायला लागले. आईचा होता, आणखी चार बायकांचेही तसलेच होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच.

"हे मेसेज आत्ताच्या आत्ता काढ," काका म्हणाले.

"काढता येतात, काका. पण मी काढणार नाही. फुकटातली दुसरी मुलगी शोधा."

"आईचा तरी मान ठेव."

"तोच ठेवतेय."

मला वाटलं, आई आता मला गप्प करणार. तिने चष्मा लावला आणि एका बोटाने सावकाश काहीतरी टाइप केलं. फोन पुन्हा वाजले. 'पुऱ्यासुद्धा मी तळणार नाही.'

नाटकाच्या दिवशी आई पहिल्या रांगेत बसली. रसोईत काका आणि बाकीची पुरुषमंडळी होती, मागून भांडी पडल्याचे आवाज येत होते. दरवर्षी राजाचं काम करायला देवासहून येणारा नट स्टेजवर आला, तशी आईने मला कोपर मारलं. "अगं, तो आवाज याचा? मी तर केवढा धिप्पाड समजत होते."

मग तिचा फोन थरथरला. चॅटवर काका होते, 'वहिनी, मिठाचा डबा कुठे आहे?' तिने वाचलं. वाचल्याची खूण तिकडे पोचलीच असणार.

"सांग ना," मी म्हटलं.

"नाटक संपू दे," आई म्हणाली.